चादर झटकू नका!

शीळफाट्यावरून नेहमी जाणाऱ्या माणसाला थांबण्याची सवय करून घ्यावी लागते. कल्याणकडून येणारा रस्ता, मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा रस्ता आणि महाप्याची वाट येथे एकत्र येतात, आणि त्यांच्याबरोबर वाहनेही. गेल्या पावसाळ्यात काही विद्यार्थ्यांसह मी बसने जात असताना तेथे अशीच वाहने तुंबली होती. आमच्या खिडकीला खेटून एक टेम्पो उभा होता. त्याच्या ताडपत्रीचे एक टोक सुटले होते. आत हिरव्या-पांढऱ्या कपड्यांची गाठोडी होती आणि त्यांनाच टेकून घडी घातलेल्या चादरींची चळत होती. टेम्पो कोणत्या तरी रुग्णालयाचे कपडे नेत-आणत होता, हे उघड होते.

"सर, यांतले धुतलेले कोणते आणि मळके कोणते?" अकरावीतील एका मुलीने विचारले.

"घडी घातलेले धुतलेले. गाठोड्यातले मळके," तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला.

"मग ते एकमेकांना टेकून कसे?"

तेवढ्यात वाहने हलली आणि टेम्पो पुढे निघून गेला. प्रश्न मात्र आमच्याकडे राहिला. विद्यार्थिमित्रांनो, तो दिसतो तेवढा साधा नाही. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला भौतिकशास्त्रही लागेल, जीवशास्त्रही लागेल आणि थोडा इतिहासही.

कापडावर काय असते?

रुग्णाच्या चादरीवर घाम असतो, त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे असतात. कधी रक्त, पू किंवा मलमूत्रही असते. या सर्वांबरोबर जंतू येतात. जखमेत पू करणारे काही जीवाणू कोरड्या सुती कापडावर काही दिवस, तर काही वेळा काही आठवडेही जिवंत राहू शकतात. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात निदान सात दिवस टिकतो.

हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्याची त्वचा अखंड आहे अशा निरोगी माणसाला नुसत्या चादरीमुळे रोग होणे क्वचितच घडते. धोका असतो तो उघडी जखम असलेल्या रुग्णाला, नवजात बालकाला, ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे अशा माणसाला. आणि हे कपडे रोज हाताळणाऱ्या आया, वॉर्डबॉय व धोबी यांना.

मावशींचा धडा

काही वर्षांपूर्वी माझी आई एका रुग्णालयात होती. सकाळी तिची चादर बदलायची होती. मदत करावी म्हणून मी मळकी चादर उचलली आणि घरच्या सवयीने जोरात झटकली. तेथील आयाबाई ओरडल्याच, "अहो दादा, झटकू नका! आतल्या आत गुंडाळा!" मग त्यांनी चादरीच्या चारही कडा मध्यभागी आणल्या, मळलेला भाग आत घेतला आणि अंगापासून दूर धरून ती पिशवीत टाकली.

मी वीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवीत होतो. मावशी बरोबर होत्या, हे मला दोन मिनिटांच्या गणितात पटले. तुम्हीही पडताळून पाहा. जंतू सहसा एकटे उडत नाहीत. ते त्वचेच्या पापुद्र्यांवर बसून प्रवास करतात. १० मायक्रॉन व्यासाचा, पाण्याइतक्या घनतेचा कण स्थिर हवेत किती वेगाने खाली येईल? स्टोक्सचा नियम लावला, तर उत्तर येते सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर. म्हणजे दीड मीटर उंची उतरायला त्याला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक वेळ लागेल. डोक्यावर पंखा फिरत असेल तर तो त्याहूनही जास्त वेळ तरंगेल आणि शेजारच्या खाटेवरही जाऊन बसेल. मी चादर झटकली ती एका क्षणात; पण तिची धूळ त्या खोलीत कितीतरी वेळ फिरत राहिली असणार.

त्याच दिवशी मावशींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंना गाठोड्यातील चादरी मोजताना सुई टोचली होती. कोणी तरी इंजेक्शनची सुई चादरीतच विसरले होते. नंतरचे कित्येक महिने त्या बाई रक्ततपासणीच्या निकालाची धास्ती घेऊन जगल्या. धुलाईच्या कामातला सर्वांत मोठा धोका असा दुसऱ्याच्या हलगर्जीपणातून येतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ सालच्या नियमांप्रमाणे वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यातच गेली पाहिजे, आणि असा कचरा हाताळणाऱ्यांना 'ब' काविळीची व धनुर्वाताची लस दिली पाहिजे. कपडे धुणाऱ्यांनाही या लशीची तितकीच गरज असते. सुई टोचलीच, तर ती जागा लगेच साबण व पाण्याने धुऊन, न लपविता, डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

जाळावे की धुवावे?

रोग्याच्या कपड्यांची भीती जुनी आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षी साथ पुण्यातही भडकली. सरकारी माणसे घरात शिरून कपडे, अंथरुणे बाहेर काढीत आणि जाळून टाकीत. गरिबाच्या घरातली एकुलती एक गोधडीही त्यात जाई. लोकांचा संताप किती अनावर झाला, हे तुम्ही इतिहासात वाचले आहेच. प्लेग कशाने पसरतो हे तेव्हा नक्की माहीत नव्हते. १८९८ साली, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरांवरील पिसू प्लेग पसरविते असे प्रयोगाने दाखविले. पिसू कपड्यांत लपू शकते, म्हणजे कपड्यांविषयीचा संशय अगदीच निराधार नव्हता. पण पिसू उकळत्या पाण्यात मरते. कारण नीट कळले असते, तर पुष्कळ गोधड्या जाळण्याऐवजी उकळून वाचविता आल्या असत्या.

त्याच्याही चाळीस वर्षे आधी, १८५४ साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात गेल्या. तेथे सैनिकांचे कपडे धुण्याची धड व्यवस्था नव्हती. त्यांनी जवळच एक घर भाड्याने घेतले, तेथे पाणी तापविण्याचे बंब बसविले आणि सैनिकांच्या बायकांना धुण्याच्या कामावर नेमले. रोगजंतूंचा सिद्धान्त तेव्हा अजून प्रस्थापित व्हायचा होता!

उष्णता आणि वेळ

उष्णतेने जंतू का मरतात? अंडे उकडताना पातळ पांढरा बलक घट्ट होतो. उष्णतेने त्यातील प्रथिनांची रचना बिघडते आणि ती पूर्ववत होत नाही. जंतूंच्या शरीरातील प्रथिनांचेही तसेच होते. म्हणूनच रक्ताचा डाग आधी थंड पाण्याने काढावा लागतो. तो एकदम गरम पाण्यात घातला, तर रक्तातील प्रथिने बलकासारखी घट्ट होऊन धाग्यांत पक्की बसतात.

सारे जंतू एकाच क्षणी मरत नाहीत. समजा, एखाद्या तापमानाला दर मिनिटाला ९० टक्के जंतू मरतात आणि आरंभी ते १० लाख आहेत. एका मिनिटानंतर १ लाख उरतील, दोन मिनिटांनंतर १० हजार, सहा मिनिटांनंतर एक. किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासाचा आलेख तुम्ही काढला असेल, तर हा आलेख ओळखीचा वाटेल. तापमान वाढविले की लागणारा वेळ झपाट्याने कमी होतो. ब्रिटनमधील रुग्णालयांसाठी ६५ अंश सेल्सियसला १० मिनिटे किंवा ७१ अंशांना ३ मिनिटे असे प्रमाण ठरविलेले आहे. कपडे व पाणी सर्वत्र सारखे तापायला लागणारा वेळ त्यात वेगळा मिळवायचा असतो. अमेरिकेत ७१ अंशांना २५ मिनिटे धरतात. तेव्हा 'गरम पाण्यात धुतले' एवढेच म्हणून भागत नाही. किती गरम आणि किती वेळ, हे दोन्ही सांगावे लागते.

काही जीवाणूंचे बीजाणू मात्र उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेसाठी लागणारे कपडे धुतल्यावर ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात. हा प्रेशर कुकरचाच थोरला भाऊ. त्यात दाबाखालील वाफेचे तापमान १२१ अंशांपर्यंत नेतात.

पिळणे आणि वाळविणे

धुतल्यानंतर कापडातील पाणी काढायचे असते. अर्धा मीटर त्रिज्येचे पिंप मिनिटाला ७०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेला लागणारे अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २७० पट होते. गणित करून पाहा. कपड्यांना पिंपाची भिंत अडविते, पाण्याला भोकांपाशी अडविणारे काही नसते, म्हणून ते बाहेर पडते. हा खटाटोप उगीच नाही. १ किलोग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोजूल उष्णता लागते, तर तेवढेच पाणी २५ पासून ७१ अंशांपर्यंत तापवायला २०० किलोजूलही पुरते. जेवढे पाणी पिळून जाईल तेवढे इंधन वाचेल.

वाळविण्यात कुचराई केली तर काय होते, हे २०१५ साली हाँगकाँगमध्ये दिसले. तेथील एका मोठ्या रुग्णालयात सहा रुग्णांना म्युकर जातीच्या बुरशीचा संसर्ग झाला. शोध घेता घेता तपास धुलाई केंद्रापर्यंत पोचला. धुण्याचे तापमान अपुरे होते, जागा धुळकट होती आणि धुऊन आलेल्या कपड्यांत ओल राहिली होती. २०२१ साली आपल्याकडे ज्याला 'काळी बुरशी' म्हणत, तो याच जातीचा रोग. आपल्याकडील त्या साथीमागे मुख्यतः अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइड औषधे होती. चादरींचा तेथे दोष नव्हता.

टेम्पोचे उत्तर

आता शीळफाट्यावरील प्रश्नाकडे वळू. २००८-०९ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथे बालरुग्णालयातील पाच मुलांना अशाच बुरशीने गाठले आणि ती मुले दगावली. तपासात बोट चादरींकडे वळले. धुतलेले कपडे आणताना, उतरवून घेताना आणि साठविताना ते उघडे पडत होते, बाहेरच्या धुळीशी त्यांचा संबंध येत होता. म्हणजे धुणे संपले तरी काम संपत नाही. चादर रुग्णाच्या खाटेवर पोचेपर्यंत ती स्वच्छ ठेवावी लागते.

म्हणून चांगल्या धुलाई केंद्रात एका बाजूने मळके कपडे येतात आणि दुसऱ्या बाजूने धुतलेले जातात. मधल्या भिंतीतच यंत्र बसविलेले असते. त्याला दोन दारे असतात व ती दोन्ही एका वेळी कधीच उघडत नाहीत. स्वच्छ बाजूचा हवेचा दाब किंचित जास्त ठेवतात, त्यामुळे वारा स्वच्छाकडून मळक्याकडे वाहतो, उलट नाही. गाडीलाही हाच नियम. शक्यतो दोन गाड्या असाव्यात. एकच असेल, तर मळके कपडे उतरविल्यावर ती जंतुनाशकाने धुवावी आणि स्वच्छ कपडे पूर्ण झाकलेले असावेत. दोन्ही एकाच खेपेत एकमेकांना टेकून न्यायचे नाहीत. शीळफाट्यावर रस्ते एकत्र येतात ते सोयीसाठी. चादरींचे रस्ते मात्र एकत्र येता कामा नयेत. त्या मुलीची शंका रास्त होती.

घरी काय कराल?

घरात कोणी आजारी असेल, तर त्याचे कपडे न झटकता गुंडाळून वेगळ्या बादलीत टाका. रक्त किंवा घाण लागलेली असेल तर हातमोजे घाला. आधी थंड पाण्याने विसळा, मग साबण घालून गरम पाण्यात धुवा. २०२० च्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने यंत्रात धुण्यासाठी ६० ते ९० अंशांचे पाणी सुचविले होते. उन्हात कडकडीत वाळवा, इस्त्री करा आणि शेवटी साबणाने हात धुवा. ब्लीचिंग पावडर वापरलीत, तर तिच्यात संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नका; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

एक प्रयोगही करून पाहा. दोन सारखे टॉवेल सारख्याच निळीच्या पाण्यात बुडवा. एक टॉवेल २४ लिटर पाण्यात एकदाच विसळा. दुसरा ८-८ लिटर पाण्यात तीन वेळा विसळा व दर वेळी सारखाच पिळा. पाणी दोघांना सारखेच लागले. पिळल्यावर टॉवेलात २ लिटर पाणी उरते असे धरले, तर पहिल्यात सुमारे तेरावा भाग नीळ उरेल, दुसऱ्यात फक्त एकशेपंचविसावा. असे का, हे वर्गात मांडून दाखवा.

आणि कधी कोणा आजाऱ्याला भेटायला रुग्णालयात गेलात, तर त्याच्या खाटेवर बसू नका. चादर बदलायची वेळ आली तर मावशींना विचारा. कशी गुंडाळायची, हे त्या तुम्हाला दाखवतील. मला त्यांनीच दाखविले.