विश्लेषण : वरातीतल्या ट्रम्पेटमागचा विसरलेला जाझवादक

लग्नसराईत आष्टी, कडा परिसरातील वरातींत ब्रास बँडवर 'शोला जो भडके' वाजले की आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे पाय थिरकतात. हे गाणे भगवानदादांचे आणि सी. रामचंद्रांचे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्यातल्या ट्रम्पेटमागे असलेल्या वादकाचे नाव फार थोड्यांना सांगता येईल. ते नाव चिक चॉकलेट.

कोण होते चिक चॉकलेट?

मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 मध्ये गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावी. मुंबईत आल्यावर त्यांनी स्वतःचा बँड उभा केला, ताजमहाल हॉटेलात वादन केले आणि जाझच्या ध्वनिमुद्रिकाही काढल्या. अमेरिकेचे महान ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. लोकही त्यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. अशा उपाध्या आपल्याकडे स्वस्तात मिळतात, पण ही त्यांनी कमावलेली होती.

ट्रम्पेटवर जाझ वाजवणे वेगळे का?

ट्रम्पेटला कळा तीनच. एकाच कळीवर अनेक स्वर निघतात. कोणता स्वर निघणार हे वादकाचे ओठ, श्वास आणि कान ठरवतात. त्यामुळे या वाद्यात लबाडी चालत नाही, ओठ थकले की सूर घसरतो. जाझमध्ये त्यावर आणखी एक ओझे असते. मूळ चाल एकदा वाजवून झाली की पुढचे आवर्तन वादकाने तिथल्या तिथे रचायचे. आपल्या गायकांनी बंदिश मांडून मग आलाप-ताना घ्याव्यात, साधारण तसेच. फरक एवढा की खाली पाश्चात्य स्वरसंवादाची चौकट बदलत असते आणि ती क्षणभरही सोडता येत नाही.

हे वादक गोव्यातूनच का आले?

याचे उत्तर शाळेत आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चना जोडून संगीतशाळा चालत. मुलांना प्रार्थनागीते गाता यावीत हा त्यांचा हेतू. तिथला शिक्षक मुलाच्या हाती आधी वाद्य देत नसे. आधी डो-रे-मीचे स्वरवाचन आणि पाच रेघांवरची स्वरलिपी, मग व्हायोलिन किंवा फुंकवाद्य. या शिक्षकांची नावे कोणत्याही तबकडीवर नाहीत. पण कागद समोर ठेवताच वाजवू शकणारी पिढीच्या पिढी त्यांनी घडवली आणि रोजगारासाठी ती मुंबईला आली. 1930 च्या दशकात ताजमध्ये लिऑन अ‍ॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंत वाजवू लागले, तेव्हा जाझचे धडे या मुलांना प्रत्यक्ष ऐकून मिळाले. वाचन चर्चने शिकवले होते, मोकळेपणा हॉटेलच्या व्यासपीठाने शिकवला.

चित्रपटांत त्यांचे काम काय होते?

संगीतकाराला चाल सुचे, बऱ्याचदा तो ती पेटीवर गुणगुणून दाखवी. ती स्वरलिपीत उतरवून कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे हे कागदावर मांडणारे प्रामुख्याने गोमंतकीय होते. चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे सहायक. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेले मराठी संगीतकार आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवादक ही जोडी जमली आणि हिंदी गाण्यात स्विंग व लॅटिन ठेका रुळला. 'समाधी' (1950) मधल्या 'गोरे गोरे'ची चाल 'डॉल फेस' (1945) या अमेरिकी चित्रपटातील गाण्यावर बेतलेली आहे, हे मान्यच करायला हवे. मात्र 'अलबेला' (1951) येईपर्यंत उसनवारी मागे पडून स्वतःची मस्ती आली होती. 'दीवाना परवाना'मध्ये झालरीचे कपडे घातलेला चिक यांचा बँड पडद्यावरही दिसतो. त्याच वर्षी देव आनंद-मधुबाला यांच्या 'नादान'चे संगीत स्वतंत्रपणे त्यांच्याकडे आले. तरीही ते 'संगीतकार' म्हणून स्थिरावले नाहीत.

मग नाव मागे का राहिले?

वादकाला मोबदला ध्वनिमुद्रणाच्या कामापुरता मिळे. तबकडीवर गायक आणि संगीतकार असत. वाद्यमेळ लिहिणारा, वाजवणारा सहसा नसे. शिकवणाऱ्यांचेही तेच. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (1927-2012) यांच्याकडे प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन शिकले. 1958 मध्ये त्यांनी भारतीय संगीतासाठी सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारण्याचा प्रयोग केला, नंतर ते अमेरिकेला गेले. सामान्य प्रेक्षकाला त्यांचे नाव कळले ते 'अमर अकबर अँथनी' (1977) मधल्या गाण्यामुळे. प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती दाद होती. ऐकणाऱ्यांना मात्र ते गमतीदार नाव वाटले!

आज हे शिक्षण कुठे आहे?

पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्य संगीत रीतसर शिकवले जाते. मराठवाड्यात ट्रम्पेट हाती घेणारा मुलगा बहुधा बँडमधल्या जुन्या वादकाशेजारी उभा राहून कानानेच शिकतो. कानाचे शिक्षण कमी दर्जाचे नाही, जाझही तसेच पसरले. पण स्वरलिपी येत नसेल तर स्टुडिओ आणि लष्करी बँडची दारे सहज उघडत नाहीत. वरातींत डीजेने आधीच जागा घेतलेली असताना ही उणीव अधिक बोचते.

चिक चॉकलेट यांना वाजवताना पाहायचे असेल तर चेतन आनंद यांचा 'आखरी खत' (1966) जरूर पाहावा. 'रुत जवाँ जवाँ' या गाण्यात तरुण भूपिंदर गाताना दिसतात आणि ट्रम्पेट हाती घेतलेले ते चिक. पुढच्याच वर्षी, मे 1967 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.