०.३ यादीत असूनही सापडत नाही

हॅस्केल या फंक्शनल भाषेत [१ .. १०] एवढे लिहिले की एक ते दहा या पूर्णांकांची यादी मिळते. सुरुवातीच्या दोन संख्या दिल्या, तर त्यांच्यातले अंतर ही पायरी ठरते. पूर्णांकांपुरते सगळे बिनचूक चालते. पण [०, ०.१ .. ०.३] ही यादी मागितली की शेवटी ०.३ ऐवजी ०.३०००००००००००००००४ हाती येते.

संगणक संख्या द्विमान पद्धतीने साठवतो. एक तृतीयांश दशांशात लिहू लागले तर ०.३३३… संपतच नाही; एक दशांशाचे द्विमानात तेच होते. आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकानुसार डबल प्रकारच्या संख्येला ५३ बिटांची अचूकता असते, त्यामुळे ती अखंड मालिका तोडावीच लागते. साठवलेला ०.१ खऱ्या ०.१ पेक्षा किंचित मोठा भरतो.

यादी बरोबर ०.३ ला थांबवली असती, तर हा शेवटचा घटक मर्यादेबाहेर पडून गळाला असता. म्हणून ‘हॅस्केल २०१०’च्या भाषा-अहवालात एक सवलत आहे: चढत्या यादीच्या मर्यादेत अर्धी पायरी मिळवायची आणि त्यापलीकडची संख्या आली की थांबायचे. हेतू चांगला, पण किंमत मोठी. [१.० .. ३.५] मध्ये चक्क ४ येतो. [०.१ .. १] मधून ०.१ आणि १.१ मिळतात. इथे दोष अचूकतेचा नाही, नियमाचा आहे. म्हणूनच अपूर्णांक तंतोतंत सांभाळणारा रॅशनल प्रकार वापरला तरी अकरा दशांश यादीत येतोच.

फंक्शनल शैलीत यादी हेच एक मूल्य असते; ती एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे जाते. पुढे कुठे ‘०.३ किंवा कमी’ अशी चाळणी लावली की शेवटचा घटक गुपचूप गळतो. यादीत ०.३ आहे का, असे विचारले तर उत्तर ‘नाही’. चूक उमटते ती यादी जिथे तयार झाली तिथून बरीच दूर, आणि टाइप-तपासणीला ती दिसत नाही.

स्काला भाषेने २.१३ या आवृत्तीत डबलच्या रेंज काढूनच टाकल्या. हा निर्णय अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. हॅस्केलमध्ये खात्रीचा मार्ग म्हणजे ० ते ३ हे पूर्णांक मोजायचे आणि मॅप वापरून प्रत्येकाला १० ने भागायचे. मग घटकांची संख्या पूर्णांक ठरवतात, प्रत्येक घटकात पूर्णन एकदाच होते, आणि ३ भागिले १० हे थेट लिहिलेल्या ०.३ शी बिट-न्-बिट जुळते.