आधी दप्तर, मग रंग

दिवाळी सरली आणि पर्यटकांचा हंगाम उजाडला, की गोव्यातील गावोगावच्या जुन्या घरांना रंगाचे हात बसू लागतात. पूर्वी हा रंग चवथीसाठी किंवा घरच्या लग्नकार्यासाठी निघत असे. आता पुष्कळ ठिकाणी तो गिऱ्हाइकासाठी निघतो. २०२० सालच्या महामारीनंतर दिल्ली, मुंबई, बंगळूर येथून घर शोधत येणाऱ्यांची वर्दळ वाढली, आणि तिच्या पाठोपाठ घर ‘सजवून’ झटपट विकून देण्याचा एक नवा व्यवसायही येथे रुजू लागला. अमेरिकेत या कलेस ‘होम स्टेजिंग’ म्हणतात, आणि १९७० च्या दशकापासून ती तिकडे रूढ आहे. रंगमंचावर नेपथ्य उभारावे तसे घर उभारायचे, राहत्या माणसांच्या खुणा पुसून टाकायच्या, पसारा आवरायचा, भिंती फिक्या रंगवायच्या, दिवे वाढवायचे, आणि येणाऱ्यास आपण येथे राहत आहोत असा भास करून द्यायचा, असे तिचे थोडक्यात तंत्र आहे.

घर विकणे हे पाप आहे, असे आम्ही मानीत नाही. वडिलोपार्जित घर विकणाऱ्यास कुलबुडव्या म्हणण्याची एक रीत आपल्याकडे आहे. ती क्रूर आहे आणि बहुधा ढोंगीही आहे. तीन मुले तीन देशांत, गावी एकटी वृद्ध आई, शाकारणीस माणूस मिळत नाही, आणि वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस त्या छपरावर कोसळतो, अशा स्थितीत ज्यांनी घर विकण्याचा निर्णय घेतला त्यांना भावनेची व्याख्याने देणे सोपे असते. ती देणारे शाकारणीचा खर्च देत नाहीत. विकायच्या वस्तूस नीटनेटके करून पुढे ठेवणे हेही गैर नव्हे. बाजारात भाजी मांडणारीसुद्धा जुडीवर पाणी शिंपडते. आमचा प्रश्न आहे तो क्रमाचा. ज्या गोष्टीने घर खरोखर लवकर आणि योग्य भावाने विकले जाते ती शेवटी आणि ज्या गोष्टीने ते केवळ छायाचित्रात विकले जाते ती आधी, असा उलटा क्रम आज सर्रास चाललेला दिसतो.

गोव्यात घराचा व्यवहार अडतो तो रंगावाचून अडत नाही, कागदावाचून अडतो. १८६७ सालच्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आपल्या कुटुंबकायद्यात अजून नांदते आहे. तिच्यानुसार सर्वसाधारणतः पती-पत्नींची मालमत्ता समाईक असते. एकट्या नवऱ्याच्या सहीने घर विकता येत नाही, बायकोची सही लागतेच. बापाला आपल्या निम्म्या मिळकतीचीच व्यवस्था मनाप्रमाणे करता येते. उरलेली निम्मी कायद्यानेच सक्तीच्या वारसांसाठी राखलेली असते, आणि त्यात लग्न होऊन गेलेल्या मुलीही मुलग्यांच्या बरोबरीने येतात. हा कायदा आपल्या स्त्रियांची मोठी ठेव आहे. परंतु त्याचा अर्थ असा, की आजोबांच्या नावे असलेल्या घरावर आज दहा, वीस, क्वचित चाळीस जणांच्या सह्या लागतात. कोणी लिस्बनला, कोणी लंडनला, कोणी आखातात, कोणी पुण्यास. कोणाशी बोलणे बंद, तर कोणाचा पत्ता नाही. गिऱ्हाईक दाराशी आल्यावर हे चाळीस जण शोधावयास निघणे म्हणजे वऱ्हाड मांडवात आल्यावर पत्रिका जुळवण्यासारखे आहे.

म्हणून घराची पहिली सजावट दप्तरात करावी लागते. आजोबांच्या आणि वडिलांच्या पश्चात वारसाचा दस्त झाला आहे काय? वाटणीसाठी ‘इन्व्हेंटरी’ची कारवाई झाली आहे काय? या दोन्ही गोष्टींसाठी २०१२ साली विधानसभेने संमत केलेला आणि २०१६ पासून अमलात आलेला वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरीविषयक कायदा आज उपलब्ध आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाची नावे आहेत? पोर्तुगीज काळच्या नोंदवहीतले वर्णन आणि आजचा सर्व्हे क्रमांक एकाच जमिनीचे आहेत, हे दाखवणारा धागा हाती आहे काय? घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल अजून कैलासवासी माणसाच्या नावे येते काय? परसू घराच्या क्षेत्रात मोडते की शेतजमिनीत? घर कोमुनिदादच्या जमिनीवर तर उभे नाही? या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या एका फाईलीत तयार आहेत, त्याचे घर पोपडे आलेले असले तरी विकले जाते. ज्याच्यापाशी ती नाहीत त्याच्या घरी झुंबर टांगले तरी गिऱ्हाइकाचा वकील चहा घेऊन परत जातो.

कागदाची ही हेळसांड केवळ विलंबास कारण होते असेही नाही. तिच्यावर चोर पोसले जातात. ओस घरे, परदेशी गेलेले मालक आणि न फिरवलेली नावे हेरून खोट्या दस्तांच्या आधारे मालमत्ता गिळंकृत करण्याचे प्रकार इतके वाढले, की २०२२ साली राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग बसवावा लागला. ज्यांनी आजोबांचे नाव उताऱ्यावर पन्नास वर्षे तसेच राहू दिले, त्यांना आपले घर दुसऱ्याच कोणी विकल्याचे वर्तमान शेजाऱ्याकडून कळावे, यापरते दुर्दैव कोणते?

दप्तरात न दिसणारा आणखी एक माणूस असतो. तो म्हणजे मुंडकार. भाटाच्या कोपऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, माड राखणारे, घराच्या अडीअडचणीला धावून येणारे ते कुटुंब. घर दाखवण्याच्या दिवशी तिकडची वाट पानांच्या झावळ्यांनी झाकावी, असा सल्ला देणारे महाभागही आहेत. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्या कुटुंबास निष्कासनापासून संरक्षण दिले आहे आणि आपले राहते घर विकत घेण्याचा हक्कही दिला आहे. झावळ्या घालून हा हक्क झाकला जात नाही. तो प्रथम मान्य करावा, त्याची रीतसर नोंद करून द्यावी आणि मग उरलेल्या जमिनीचा सौदा करावा. हे न्यायाचे तर आहेच, पण व्यवहाराचेही आहे. कारण मुंडकाराचा वाद लपवून केलेला सौदा दोन्ही पक्षांना मामलेदाराच्या कचेरीत वर्षानुवर्षे बसवून ठेवतो.

आता रंगाकडे वळू. आपली जुनी घरे चिऱ्याची. चिरा पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. आपल्या पूर्वजांनी त्यावर चुन्याचा गिलावा दिला तो अज्ञानाने नव्हे. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. घाईने विकायचे म्हणून त्यावर सिमेंट थापून वर चकचकीत प्लॅस्टिक रंग दिला, की ओल आत कोंडते आणि पहिल्याच आषाढात भिंतीला फोड येतात. डिसेंबरात शृंगारलेले घर जुलैत उघडे पडते. तेव्हा खर्च करायचाच तर तो वरून खाली करावा. आधी शाकारणी, फुटकी कौले बदलणे, पन्हळ साफ करणे; मग वासे, रिपा आणि तुळया ठोकून पाहून वाळवीचा बंदोबस्त; मग जुनाट वीजजोडणी, विहिरीचा उपसा, सांडपाण्याची वाट; आणि सर्वांत शेवटी चुन्याचा साधा हात. एवढे केलेल्या घरास नेपथ्याची गरज उरत नाही. अंगण झाडलेले, खिडक्या उघड्या, वसरीवर वारा खेळतो आहे आणि कोठेही कुबट वास नाही, यापेक्षा अधिक प्रभावी जाहिरात आजवर निघालेली नाही.

काय करावे याइतकेच काय करू नये हेही सांगितले पाहिजे. घर ‘मोकळे’ दिसावे म्हणून पहिला बळी जातो तो जुन्या सामानाचा. शिसवी कपाटे, कोरीव दारे, माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी जुनेबाजारवाला दोन फेऱ्यांत उचलून नेतो आणि पुष्कळदा सगळ्या वारसांना त्याची गंधवार्ताही नसते. शिंपल्यांच्या खिडक्या काढून काचा बसवल्या जातात, म्हणजे आत उजेड यावा! समुद्रातील शिंपली घासून, तासून, लाकडी चौकटीत एकेक बसवून तयार केलेला तो पडदा उन्हाचा दाह अडवतो आणि प्रकाश तेवढा आत घेतो. तो पुन्हा घडवून देणारे हात आता दुर्मिळ झाले आहेत. नळे नि मंगळुरी कौले उतरवून पत्रे चढवणे, अंगणात सिमेंटच्या फरशा पसरणे, दृश्य खुलावे म्हणून फणस तोडणे, ही सर्व कामे घराचे मोल वाढवीत नाहीत, घटवतात. जाणकार गिऱ्हाईक नेमके हेच शोधत आलेले असते. अजाण गिऱ्हाइकासाठी घराची हाडे मोडण्यात शहाणपण कोणते?

आणि मग येते ती जाहिरात. त्या चिरेबंदी घराचे नाव एका रात्रीत ‘पोर्तुगीज व्हिला’ होते. आम्हांस याचा खेद वाटतो, आणि तो केवळ भावनेचा नाही. फोंडा महाल पोर्तुगिजांच्या हाती पडला तो १७६३ साली, पेडणे १७८८ साली. त्या मुलखांतील राजांगणाची, तुळशीवृंदावनाची, देवखोलीची घरे येथल्याच गवंड्यांनी येथल्याच चिऱ्यातून उभारली. बार्देश-साष्टीतील ख्रिस्ती घरांचे बल्कांव आणि दिवाणखाने पाश्चात्त्य वळणाचे असतील, पण तेही गोमंतकीय धन्याने, गोमंतकीय कारागिराकडून, गोमंतकीय पावसाचा हिशेब करून बांधवून घेतले. १५१० पासून १९६१ पर्यंत साडेचारशे वर्षे जी राजवट येथे होती, तिची माघार १९ डिसेंबर रोजी आपण दरवर्षी साजरी करतो. आणि जानेवारीत आजोबांचे घर तिच्याच नावाने बाजारात मांडतो! याच घरांपैकी कित्येकांच्या माळ्यांवर मुक्तिलढ्याची पत्रके दडवली गेली होती आणि भूमिगतांना मध्यरात्री पेज वाढली गेली होती. विकणाऱ्याने एवढे तरी करावे, की घराची खरी हकीकत, बांधणाऱ्याचे नाव आणि माहीत असल्यास साल, एका कागदावर लिहून घेणाऱ्याच्या हाती द्यावे. खऱ्या हकीकतीला बनावट नावापेक्षा अधिक भाव येतो.

सजावटीच्या शास्त्रात एक सूत्र आहे, की राहणाऱ्याच्या खाजगी खुणा काढून टाकाव्यात: कौटुंबिक छायाचित्रे, देव, औषधांच्या बाटल्या. रिकाम्या घरात हे एक वेळ चालेल. पण जेथे आई अजून राहते आहे तेथे ‘चार दिवस म्हातारीला बहिणीकडे पाठवा’ असे सुचवले जाते, तेव्हा आम्ही थबकतो. घराच्या विक्रीस तिची सही लागते, आणि सहीच्या आधी संमती लागते. कोठे राहणार, कोणाजवळ राहणार, विक्रीतला कोणता हिस्सा तिच्या नावे बँकेत पडणार, हे तिला सांगून, तिने मान्य केल्यावरच पहिले गिऱ्हाईक दारात यावे. नेपथ्य मांडताना घरच्या धनिणीलाच विंगेत लोटणे, हा व्यवहार नव्हे.

राहता राहिला पैसा. भाव सांगताना शेजारच्या गावातील ऐकीव आकड्यावर विसंबू नये; निबंधकाच्या कचेरीत नोंदलेले अलीकडचे दस्त पाहावेत. अवाच्या सवा भाव सांगून वर्षभर ताटकळलेल्या घराला पुढे दलाल सांगेल त्या भावात द्यावे लागते. लवकर विकण्याचे रहस्य पहिलाच भाव रास्त सांगण्यात आहे. निम्मे पांढरे, निम्मे काळे हा सौदा तर सपशेल नाकारावा. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१५ पासून आयकर कायद्याने मज्जाव आहे, आणि रोखीची रक्कम दहा वारसांत वाटताना भावाभावांत जे विष पेरले जाते त्याचा हिशेब कोणत्याच कायद्यात नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ सालचा कायदाही विक्रेत्यास बजावतो, की साध्या पाहणीत घेणाऱ्याच्या ध्यानी न येणारा महत्त्वाचा दोष ठाऊक असल्यास तो उघड करावा. गळते छप्पर, वाटेचा तंटा, कोर्टातला दावा आपण होऊन सांगणाऱ्याचे गिऱ्हाईक पळत नाही. ते भाव थोडा कमी करते आणि निर्धास्तपणे सही करते.

सरकारकडेही आमचे मागणे आहे. वारसांची नावे उताऱ्यावर चढवण्याचे आणि मुंडकारांची नोंद करण्याचे अर्ज मामलेदार कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे तुंबत राहणार असतील, तर प्रामाणिक माणूस कागद सोडून रंगाकडे वळणारच. ग्रामपंचायतींनी निदान आपापल्या गावातील ओस घरांची यादी करून वारसांना कळवावे. यास निधी लागत नाही, इच्छा लागते.

आणि घरधन्यांना आमची एक सूचना आहे. चवथीला सारे कुटुंब मूळ घरी जमते. माटोळी बांधायला चार भाऊ एकत्र येतात, माहेरवाशिणी येतात, दूरदेशीचेही येतात. वर्षातून एवढी मोठी पंचायत पुन्हा भरत नाही, आणि नेमके तेव्हाच पावसाने छपराचे सारे गुणदोष उघड केलेले असतात. गणपती विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सर्वांनी वसरीवर बसून फाईल उघडावी. कदाचित घर विकायचेच ठरेल. कदाचित शाकारणीचा खर्च वाटून घेऊन ते ठेवायचे ठरेल. कदाचित एखादी बहीणच ते रास्त भावाने घेईल, कारण परक्याच्या आधी सहहिस्सेदारास प्राधान्य हे आपल्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. निर्णय कोणताही होवो, तो सर्वांच्या देखत आणि सर्वांच्या सहीने व्हावा. त्यानंतर रंगाचा डबा खुशाल उघडावा.