घरकुल मंजूर झाले, पण छताखाली भट्टी नको : रमाई आवास आणि घर थंड ठेवण्याचा हिशेब

पूर्णा तालुक्यातील चुडावा हे पूर्णा–नांदेड रेल्वेमार्गावरचे गाव. एप्रिल लागला की या पट्ट्यात दुपारचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि मे महिन्यात ४२-४३ अंशांचे कोणाला नवल वाटत नाही. याच परभणी जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. म्हणजे इथल्या घराला दोन कामे करावी लागतात : उन्हाळ्यात ऊन बाहेर ठेवायचे आणि हिवाळ्यात ऊब आत. आपल्या वस्त्यांतली पत्र्याची घरे यातले एकही काम करत नाहीत. दुपारी पत्रा तापला की खाली बाळंतीण, म्हातारी माणसे आणि लहान लेकरे अक्षरशः भाजून निघतात. ज्यांना शक्य असते ते लिंबाच्या झाडाखाली किंवा विहारात जाऊन बसतात, अंथरुणाला खिळलेल्यांना तेही शक्य नसते.

म्हणून आमच्याकडे एक प्रश्न वारंवार येतो. घर उष्णतेपासून वाचवण्यासाठी सरकार पैसे देते का? त्याचे सरळ उत्तर आणि त्यातून निघणारी वाट या लेखात मांडत आहोत.

वेगळे अनुदान नाही, पण वाट आहे

अमेरिकेत गरीब कुटुंबांच्या भिंती-छतांना उष्णतारोधक थर बसवून देण्याची केंद्र सरकारची योजना १९७६ पासून आहे. आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ ते २०२८ या काळासाठी ‘शीतल छत’ धोरण आणले. त्यात सरकारी आणि व्यापारी इमारतींना ऊन परतवणारे छत बंधनकारक केले असून लहान घरांसाठी ते ऐच्छिक ठेवले आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यात मात्र ‘छत थंड करण्याचे अनुदान’ म्हणून अर्ज करावा अशी स्वतंत्र योजना नाही.

पण घर बांधण्याचे अनुदान आहे, आणि छत हा घराचाच भाग आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे : घरकुलाचे पैसे येत असतात तेव्हाच, स्लॅब पडण्याच्या आधी, उष्णतेचा विचार झाला पाहिजे. एकदा घर पूर्ण झाल्याचा फोटो चढला आणि शेवटचा हप्ता खात्यात आला, की त्या घरासाठी पुन्हा बांधकामाचे अनुदान मिळत नाही. मग पुढची तीस-चाळीस वर्षे त्या छताखाली कसे दिवस काढायचे, हे त्या काही आठवड्यांत ठरलेले असते.

रमाई आवास : किती आणि कोणाला

अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने २००८ मध्ये रमाई आवास योजनेचा निर्णय घेतला. माता रमाईंच्या नावाची ही योजना आपल्या हक्काची आहे. ग्रामीण भागात साधारण क्षेत्रासाठी घर बांधायला १ लाख २० हजार रुपये मिळतात. घराचे क्षेत्र २६९ चौरस फूट धरलेले आहे. शौचालयासाठीचे १२ हजार रुपये आणि रोजगार हमीतून स्वतःच्या घराच्या कामावरची ९० दिवसांची मजुरी हे याच्या जोडीचे पैसे आहेत. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ही मजुरी सुमारे २८ हजार रुपये होते. जॉबकार्ड नसल्यामुळे किंवा हजेरीपत्रक न निघाल्यामुळे अनेक घरांत हीच रक्कम बुडते. छताच्या कामाला कमी पडणारा पैसा बहुतेक वेळा इथेच अडकलेला असतो.

अटी थोडक्यात अशा : कुटुंब अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असावे, महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य असावे, ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत असावे, पक्के घर नसावे आणि दुसऱ्या कोणत्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, आधार, रेशनकार्ड, जागेचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, जॉबकार्ड आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढी कागदपत्रे एका पिशवीत तयार ठेवावीत.

दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिले म्हणून लाभ जाईल, ही भीती अजून काही घरांत आहे. ती निराधार आहे. रमाई योजना नवबौद्धांचे नाव घेऊनच काढलेली आहे. केंद्राच्या पातळीवरही १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. तेव्हा कोणी ‘धर्म बदला, मग या’ असे सांगत असेल तर ते लेखी मागा.

ज्यांचे नाव केंद्राच्या यादीत आहे ते प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधून घर घेऊ शकतात, मात्र एका कुटुंबाला दोन्हींपैकी एकच योजना मिळते. या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ५० हजार रुपयांची भर घातली. त्यातले ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी आहेत.

जागाच नसलेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तिच्यात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी १ लाखापर्यंत मदत मिळते.

हप्ता कधी येतो, निर्णय कधी घ्यायचा

अनुदान एकरकमी मिळत नाही. मंजुरीनंतर पहिला हप्ता, मग जोते, भिंती, छत असे काम पुढे सरकेल तसे पुढचे हप्ते येतात. प्रत्येक टप्प्यावर पंचायत समितीचा अभियंता जागेवर येऊन मोबाइलवर फोटो घेतो. हा अभियंता आपल्या घराचा पहिला सल्लागार आहे. तो जोत्याच्या फोटोला येईल तेव्हाच त्याला छताबद्दल विचारावे. २०१६ मध्ये ग्रामीण विकास मंत्रालयासाठी ‘पहल’ नावाचा ग्रामीण घरांच्या नकाशांचा संग्रह तयार झाला. त्यात वेगवेगळ्या प्रदेशांच्या हवामानाप्रमाणे घरे दिलेली आहेत. ‘मराठवाड्याच्या उन्हाला धरून असलेला नकाशा दाखवा’ असे म्हणायचा आपल्याला अधिकार आहे.

नकाशातच ठरवायच्या आणि जादा पैसे न लागणाऱ्या गोष्टी तीन. दोन खिडक्या समोरासमोर ठेवाव्यात, म्हणजे वारा आरपार जातो. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी ठेवू नये, कारण दुपारनंतरचे ऊन तिथूनच आत येते. खिडकीवर छज्जा पुरेसा बाहेर काढावा.

छताचे काय करायचे

स्लॅब आणि पत्रा यांचा स्वभाव वेगळा आहे. पत्रा ऊन पडताच तापतो आणि सूर्य मावळला की लवकर निवतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पीत राहतो आणि रात्री ते घरात सोडतो. म्हणूनच पक्क्या घरातही रात्री बारापर्यंत झोप लागत नाही. दोन्हींवर उपाय वेगवेगळे.

स्लॅबवर सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. विरवलेला चुना, त्यात थोडे पांढरे सिमेंट आणि चिकटण्यासाठी फेव्हिकॉलसारखा गोंद घालून मार्चमध्ये दोन हात मारावेत. पांढरे छत बरेचसे ऊन परत आकाशात पाठवते. अशा छतामुळे घरातले तापमान २ ते ५ अंशांनी कमी होऊ शकते. पावसाने चुना धुपतो, त्यामुळे हे काम दर उन्हाळ्याच्या तोंडावर करायचे. थोडा जास्त पैसा असेल तर उतार काढून पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे बसवून घ्यावेत. त्याने गळतीही थांबते आणि दरवर्षीचा खर्चही वाचतो.

नवा स्लॅब टाकायचा असेल तर अभियंत्याला ‘फिलर स्लॅब’बद्दल विचारावे. यात स्लॅबच्या खालच्या भागात सळयांच्या मधल्या जागेत कौले किंवा मातीची भांडी बसवतात. त्याने काँक्रीट कमी लागते आणि अडकलेली हवा उष्णता अडवते. हे काम मात्र अभियंत्याच्या आराखड्याशिवाय आणि जाणत्या मिस्त्रीशिवाय करू नये.

पत्र्याच्या घरात पत्र्याखाली साधारण फूटभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे किंवा सिमेंट-शीटचे दुसरे छत लावावे. मधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवावी, नाहीतर गरम हवा तिथेच कोंडते. वरून पत्र्याला पांढरा रंग द्यावा. तुराट्या, गोणपाट, थर्माकोल यांनी उष्णता अडते खरी, पण ते पेट घेतात. चूल किंवा गॅस असलेल्या खोलीत ते लावू नयेत.

माळवदाने शिकवलेले

आपल्या आजोबांच्या काळात मराठवाड्यात माळवदाची, धाब्याची घरे होती. लाकडावर मातीचा जाड थर, वर पांढरी माती. ती घरे उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असत, कारण तो मातीचा थर म्हणजेच उष्णतारोधक. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या भिंतींवरची ती जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे ८ हजार माणसे गेली. त्यातून एक धडा आपण घेतला, की डोक्यावर वजन नको. दुसरा धडा निसटला. जड माती काढली, पण तिने करायचे काम दुसऱ्या कशालाच दिले नाही. वजनाने हलके आणि उन्हाला जड असे छत आज करता येते. ते न करण्याला कारण नाही.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. भिक्खूंच्या चार आवश्यक गोष्टींत निवारा आहे आणि त्याचे प्रयोजन थंडी, ऊन, वारा, डास यांपासून बचाव हेच सांगितले आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात तर याचीच गोष्ट आहे. गवताने शाकारलेल्या विहारांत हिवाळ्यात गारठा आणि उन्हाळ्यात उकाडा होऊ लागला, तेव्हा तथागतांनी ती आतून-बाहेरून लिंपून घेण्याची परवानगी दिली. उकाडा निमूट सोसा, असे ते म्हणाले नाहीत. त्रासाचे कारण शोधून ते दूर करणे हीच धम्माची रीत आहे.

घर आधीच झाले असेल तर

स्लॅबच्या घरांसाठी छतावरच्या सौर संचाचा विचार करावा. पॅनेलची सावली छतावर पडते आणि विजेचे बिलही उतरते. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला केंद्राचे ३० हजार रुपये मिळतात. महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेत अनुसूचित जातीच्या ग्राहकाला आणखी १५ हजार आणि दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७ हजार ५०० रुपये मिळतात. सुमारे ५० हजारांच्या संचात घरचा वाटा अनुक्रमे ५ हजार आणि अडीच हजारांवर येतो. अर्ज महावितरणमार्फत करायचा आहे.

ग्रामसभेत काय मागायचे

घरकुलाच्या लाभार्थ्यांची निवड ग्रामसभेतून होते. तिथे गैरहजर राहून नंतर यादीवर चिडण्यात अर्थ नाही. चुडाव्यासारख्या प्रत्येक गावात आपल्या वस्तीने तीन ठराव मांडावेत. रमाई आवासची प्रतीक्षायादी वर्षातून एकदा फलकावर लावावी. प्रत्येक घरकुलाच्या अंदाजपत्रकात छताला पांढरा थर धरावा. जुन्या घरकुलांना आणि पत्र्याच्या घरांना दर मार्चमध्ये चुना मारण्याचे काम ग्रामपंचायतीने आपल्या वार्षिक विकास आराखड्यात घ्यावे. ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि त्याची प्रत पूर्णा पंचायत समितीचे गटविकास अधिकारी, जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा आणि समाजकल्याणचे सहाय्यक आयुक्त, परभणी यांना देऊन पोच घ्यावी.

अर्जाला शुल्क नाही आणि हप्ता थेट खात्यात येतो. ‘फाइल पुढे सरकवतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका, माहिती अधिकारात फाइल कुठे आहे ते विचारा.

२७ मे हा माता रमाईंचा स्मृतिदिन ऐन उन्हाळ्यात येतो. त्या दिवशी विहारात अभिवादनाला जमतो तेव्हा वस्तीतल्या तरुणांनी एक बादली चुना आणि चार कुंचले सोबत घ्यावेत, आणि जिथे एकटी म्हातारी माणसे राहतात त्यांच्या छतापासून सुरुवात करावी. मार्च हुकला असेल तरी जून लागेपर्यंत ऊन बाकी असते. अनुदानाची लढाई चालू राहीलच, तोपर्यंत एवढे आपल्या हातात आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.