‘मोठी केळी’ आणि ‘मोठ्या केळी’

विशेषण म्हणजे वाक्याची सजावट, काढलं तरी चालतं, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या केळीबागेत हा समज टिकत नाही. झाड ती केळ, फळ ते केळं आणि अनेकवचनात दोन्ही ‘केळी’च. मग बोलणं कशाचं चाललंय? ‘मोठी केळी’ म्हटलं तर फळं, ‘मोठ्या केळी’ म्हटलं तर झाडं. निवाडा विशेषण करतं.

दुसरा समज: ‘चा-ची-चे’ मालकाचं लिंग दाखवतात. नाही. बागाईतदार बाई असली तरी ‘तिचा मळा’ आणि पुरुष असला तरी ‘त्याची बाग’. प्रत्यय मालकापुढे नाही, वस्तूपुढे झुकतो.

जळगाव जिल्हा म्हणजे सगळी अहिराणी, हा समज तर बाहेरच्यांत पक्का आहे. सावदा, फैजपूर, यावल, रावेर या पट्ट्यात लेवा गणबोली आहे. बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) कविता याच बोलीतली. फरक ऐकायचा तर षष्ठीत ऐकावा. अहिराणीत ‘मना भाऊ, मनी बहीण’, ‘गावना लोक’. गणबोली मराठीचा ‘चा-ची’ राखते. दोन्हींत वस्तूप्रमाणे रूप बदलतंच, तेव्हा बोलीला व्याकरण नसतं असं म्हणणाऱ्यानं आधी कान उघडावेत.

हेच आफ्रिकी भाषांबद्दल बोललं जातं. युगांडात केळी शिजवून पोटभर जेवतात. तिथल्या लुगांडात ती ‘अमातोके’. मोठी केळी म्हणजे ‘अमातोके अमानेने’: नाम आधी, विशेषण मागून. तेव्हा विशेषण नामाच्या आधीच येतं हाही जगाचा नियम नव्हे. आपली तीन लिंगं, तर लुगांडाच्या पारंपरिक व्याकरणात नामांचे दहा वर्ग. आणि वर्गाची खूण शब्दाच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला. मोठं झाड ‘ओमुती ओमुनेने’, मोठी झाडं ‘एमिती एमिनेने’. मालकीचं रूप तिथंही वस्तूचंच ऐकतं: माझी केळी ‘अमातोके गांगे’, माझं पुस्तक ‘एकिताबो क्यांगे’.

हा ‘किताबो’ ओळखीचा वाटला ना? अरबी ‘किताब’च तो, स्वाहिलीच्या वाटेनं गेलेला. मुळातला ‘कि’ तिथं वर्गाची खूण धरला गेला आणि अनेकवचन झालं ‘एबिताबो’.