शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग आणि परिचारिकेचे ज्ञान

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली की रुग्णाचे नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु जखम भरून येईपर्यंत धोका टळलेला नसतो. टाक्यांच्या जागी जंतूंचा शिरकाव झाल्यास ताप येतो, पू होतो, रुग्णालयातील मुक्काम लांबतो, मजुरी बुडते आणि प्रसंगी प्राणावरही बेतते. असा संसर्ग सामान्यतः शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत उद्भवतो. या काळात रुग्णाच्या सर्वांत निकट असते ती परिचारिका. म्हणूनच तिचे ज्ञान ही रुग्णाच्या सुरक्षिततेची पहिली अट होय.

हात धुण्याचा धडा

१८४७ साली व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल महिन्यात तेथील मातामृत्यूंचे प्रमाण १८ टक्क्यांहून अधिक होते. काही महिन्यांतच ते सुमारे २ टक्क्यांवर आले. आजही या धड्याचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही. साबण व पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद, तर अल्कोहोलयुक्त द्रावण चोळण्यास २० ते ३० सेकंद पुरतात. हातमोजे घातले म्हणून हात धुण्याची गरज संपत नाही.

नियमामागील कारण

नियम पाठ असणे निराळे आणि त्यामागील कारण उमगणे निराळे. शस्त्रक्रियेपूर्वी वस्तऱ्याने केस काढण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी रुळलेली होती. वस्तऱ्यामुळे त्वचेवर सूक्ष्म ओरखडे पडतात व तेथे जंतू वाढतात. यास्तव केस शक्यतो काढू नयेत, काढणे अपरिहार्य असल्यास यंत्राने कापावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. प्रतिबंधक प्रतिजैविक आवश्यक असल्यास ते छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांत द्यावे. शस्त्रक्रियेनंतर केवळ खबरदारी म्हणून ते चालू ठेवू नये, असेही त्यांत नमूद आहे. कारण ठाऊक असलेली परिचारिका जुनी सवय सोडू शकते आणि वेळप्रसंगी इतरांनाही सावध करू शकते.

मलमपट्टीच्या बाबतीतही हेच. स्वच्छ जखमा आधी व पू झालेल्या जखमा शेवटी हाताळल्या, तर जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात नाहीत. उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सियस तापमानावर ठरलेला पूर्ण वेळ ठेवली तरच ती निर्जंतुक होतात. घाईने वेळ कमी केल्यास सारे श्रम व्यर्थ जातात.

ज्ञानाला साधनांची जोड

तथापि, नळाला पाणी नसेल, साबण संपला असेल किंवा एकाच परिचारिकेवर अनेक खाटांचा भार असेल, तर उत्तम ज्ञानही कृतीत उतरत नाही. अशा वेळी तिला दोष देणे न्याय्य ठरणार नाही. नियमित प्रशिक्षण, पुरेसे मनुष्यबळ आणि अखंड पाणीपुरवठा ही प्रशासनाची जबाबदारी होय. केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘कायाकल्प’ योजनेत रुग्णालयांच्या मूल्यमापनात संसर्ग नियंत्रणालाही स्थान देण्यात आले आहे. रुग्ण कल्याण समितीवर असलेल्या लोकप्रतिनिधींनी बैठकीत हात धुण्याच्या सोयीची आवर्जून चौकशी केली, तरी पुष्कळ काही साधेल.

घरी परतल्यावर

सिझेरियन झालेली माता काही दिवसांतच गावी परतते. टाक्यांभोवती लाली, सूज किंवा पू दिसणे, वेदना वाढणे वा ताप येणे ही धोक्याची लक्षणे होत. ती दिसताच जखमेवर घरगुती लेप न लावता तातडीने आरोग्य केंद्र गाठावे, हे परिचारिकेने घरी पाठवितानाच सोप्या शब्दांत सांगितले पाहिजे. गावातील आरोग्यसेविका, शिक्षक व पंचायत सदस्य यांनीही हीच गोष्ट घरोघरी पोहोचवावी. शल्यविशारदाने घातलेला टाका टिकतो तो परिचारिकेच्या दक्षतेमुळे, आणि त्या दक्षतेला बळ मिळते ते समाजाच्या सहकार्याने.