संत्री निवडणारा मोबाईल कसा निवडावा?

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो. फळांच्या बाजारातही ती तितकीच खरी आहे.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. पांढुर्णा आणि सौंसर हा मध्य प्रदेशातील मराठी बोलणारा मुलूख. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. इथे नागपुरी संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराची फळे साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. प्रतवारीच्या शेडमध्ये फळे धुऊन, वाळवून, मेणाचा पातळ थर देऊन आकाराप्रमाणे वेगळी करतात. आकाराचे काम यंत्र करते. डागी फळ मात्र पट्ट्याशेजारी बसलेल्या बाया नुसत्या नजरेने काढतात.

हे नजरेचे काम मोबाईलकडून करून घेता येईल का? कॅमेरा, गणकयंत्र आणि पडदा अशा तिन्ही गोष्टी त्यात एकत्र असतात. कारखान्यातील खास कॅमेऱ्यापेक्षा तो स्वस्तही पडतो. सुट्टीत गावी गेलो की ओळखीचे बागाईतदार मला विचारतात, “कोणता मोबाईल घ्यावा?” माझे उत्तर असे, की मोबाईलचे दुकान सर्वांत शेवटी गाठावे. आधी फळ पाहावे, मग पट्टा, मग दिवा.

प्रथम फळ. कोळशीचा काळा थर सालीवर वरवर बसतो आणि धुतल्याने बराचसा जातो. लाल्या कोळ्याने केलेला तांबूस डाग जात नाही, पण आतील फोडी चांगल्या असतात. कुजका मऊ डाग लहान असला तरी सबंध पेटी बिघडवतो. म्हणजे डाग दिसणे पुरेसे नाही, तो कोणता हे ओळखले पाहिजे. शिवाय आंबिया बहाराचे फळ पिकूनही सालीवर हिरवट राहू शकते. केवळ मृग बहाराच्या केशरी फळांवर शिकवलेले यंत्र त्याला कच्चे ठरवील. म्हणून दोन्ही बहारांची फळे दाखवूनच यंत्राला शिकवावे.

आता पट्टा. समजा, पट्टा ४८ सेंटिमीटर रुंद आहे आणि चित्राच्या रुंदीत १९२० ठिपके आहेत. एक ठिपका पाव मिलिमीटरचा झाला. दोन मिलिमीटरचा डाग आठ ठिपक्यांत दिसेल. एवढे साधा मोबाईलही देतो. तेव्हा जाहिरातीतील शंभर मेगापिक्सेलला भुलू नये.

खरी अडचण वेगाची आहे. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर सरकत असेल आणि कॅमेरा सेकंदाचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात फळ पाच मिलिमीटर पुढे जाते. मग दोन मिलिमीटरचा डाग पुसटून जाईल. सेकंदाचा हजारावा भाग ठेवला तर फळ अर्धा मिलिमीटरच सरकते. मोबाईलचा कॅमेरा बहुधा चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे वेगवान पट्ट्यावरील फळ तिरपे दिसते. तिथे मोबाईलचा हट्ट सोडून कारखान्याचा कॅमेराच घ्यावा. फळ रुळांवर गरगर फिरत जाईल अशीही सोय हवी. नाहीतर अर्धे फळ न पाहताच पुढे जाईल.

तिसरा दिवा. उघडे राहण्याचा काळ दहापट कमी केला, की उजेड दहापट लागतो. आपली वीज ५० आवर्तनांची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. म्हणून न लुकलुकणारे, पांढऱ्या पडद्याआडून पसरलेला उजेड देणारे दिवे लावावे. मेण दिलेली साल चकाकते, आणि चकाकी व डाग यांत यंत्राचा गोंधळ होतो. तपासणी मेणाआधी केलेली बरी.

आता मोबाईल. साधा मोबाईल चित्र आपोआप ‘सुंदर’ करतो. लग्नाच्या फोटोत चेहऱ्यावरचा डाग गेला तर आनंदच, पण संत्र्यावरचा डाग गेला तर व्यापारी बोंब मारील! समोर नारिंगीच नारिंगी दिसले, की तो रंगही आपल्या मनाने बदलतो. म्हणून उजेड, अंतर आणि रंग हे तिन्ही हाताने पक्के बसवता येतात का, हे दुकानातच पाहावे. हा पहिला गुण. दुसरा गुण म्हणजे उष्णतेत टिकणे. पत्र्याच्या शेडमध्ये मार्च महिन्यात दिवसभर चालवलेला मोबाईल तापतो आणि आपोआप मंदावतो. घेण्यापूर्वी दोन-तीन तास सलग चालवून पाहावा. तिसरा गुण, इंटरनेटवाचून निर्णय करता येणे. एकाच नमुन्याचे दोन मोबाईल घ्यावेत, म्हणजे एक बिघडला तर काम अडत नाही.

शेवटी परीक्षा. समजा, हजार फळांत पन्नास खराब आहेत. यंत्राने सगळीच चांगली म्हटली तरी ते ९५ टक्के बरोबर ठरते, आणि उपयोग मात्र शून्य! म्हणून दोन चुका वेगळ्या मोजाव्यात. खराब फळ पुढे गेले तर व्यापाऱ्याची पेटी नासते. चांगले फळ बाजूला पडले तर शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते. दुसरी चूक कोणी मोजत नाही, कारण बाजूला पडलेले फळ पुन्हा कोणी उचलून पाहत नाही. ते पाहिले पाहिजे. तीच फळे दोन अनुभवी बायांना वेगवेगळी दाखवून त्यांचा निकाल यंत्राशी ताडावा. आणि यंत्राला शंका आली, की ते फळ फेकून न देता त्या बायांपुढील टोपलीत जावे.

कन्नड विभागातील मित्रांनी संत्र्याच्या जागी कोडगूची कॉफी, सुपारी किंवा फाउंड्रीतील सुटा भाग घ्यावा. क्रम तोच राहील: वस्तू, वेग, उजेड आणि मग मोबाईल. यंत्राला नजर देणे आता सोपे झाले आहे. त्याच्या निकालावर कोणाची भाकर अवलंबून आहे, हे पाहण्याची नजर मात्र आपलीच असावी लागते.